बाहेर पडतानाची तीन मिनिटं

किरणोत्सारी धूळ बसलेली जागा साफ करायला माणसं आत जातात तेव्हा जरा धास्तावलेली असतात, त्यामुळे सगळं नीट करतात. तासाभराने घामाने निथळत बाहेर येतात तेव्हा मास्क ओरबाडून काढावासा वाटतो. अंगावर आणि नाकातोंडात दूषण जातं ते बहुतेक वेळा याच टप्प्यावर, आतल्या कामात नव्हे.

नवे कामगार दोन गोष्टींची हमखास गल्लत करतात. गॅमा किरणं अंगावर पडणं हे उन्हात उभं राहण्यासारखं आहे, जागेवरून हललं की संपलं. दूषण मात्र ओल्या रंगासारखं. हाताचं दाराला, दाराचं दुसऱ्याच्या हाताला, आणि इथे रंग दिसतही नाही. १९८७ मध्ये ब्राझीलमधल्या गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या एका उपचारयंत्रातलं सिझियम क्लोराइड असंच हातोहात पसरलं. पदार्थ शंभर ग्रॅमसुद्धा नव्हता. तपासावे लागले एक लाख बारा हजार लोक, आणि दूषण सापडलं २४९ जणांवर. पांढरा कव्हरऑल, म्हणजे अंगभर झाकणारा सलग सूट, हा या दुसऱ्या प्रकारासाठी असतो. गॅमा किरणं त्यातून अशी जातात की जणू तो घातलेलाच नाही. हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर सूट घातला म्हणून माणूस जास्त वेळ थांबतो.

कामाची सुरुवात मोजणीने होते. मोजणी त्याच दिवशी सकाळची हवी, कालची चालत नाही. कारण जपानमधल्या फुकुशिमा अणुवीज केंद्रातल्या अपघातानंतर दिसलं. २४ मार्च २०११ रोजी तीन कामगार तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीच्या तळघरात केबल टाकायला उतरले. आदल्या दिवशीच्या मोजणीत तिथे विशेष काही नव्हतं. त्या दिवशी घोट्याएवढं पाणी साचलं होतं आणि त्या पाण्याच्या पृष्ठभागावर ताशी ४०० मिलिसीव्हर्ट होते (माणसाला मिळालेल्या किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं हे एकक). अंगावर लावलेले, मिळालेली मात्रा मोजणारे डोझीमीटर वाजत राहिले, पण उपकरण बिघडलं असेल असं समजून काम चालू राहिलं. दोघांच्या पायात आखूड बूट होते, पाणी आत गेलं. तिघांना १७० ते १८० मिलिसीव्हर्ट मात्रा मिळाली आणि ओल्या पायांच्या दोघांना बीटा किरणांनी त्वचा भाजल्याच्या शंकेवरून रुग्णालयात न्यावं लागलं. एका शिफ्टचं काम, पण चूक एकटी नव्हती: शिळा नकाशा, चुकीचे बूट, आणि न ऐकलेला अलार्म.

मोजताना जागेच्या नकाशावर प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहायचे, पृष्ठभागाला टेकून घेतलेला आणि एक मीटर उंचीवरचा. पहिला आकडा घाण कुठे आहे ते सांगतो, दुसरा माणसाला किती मिळणार ते. एकक शब्दात लिहायचं. मायक्रो आणि मिली यांची अदलाबदल म्हणजे हजारपटीची चूक, आणि घाईत लिहिलेल्या कागदावर ती सहज होते. उपकरण आत नेण्याआधी बॅटरी आणि तपासणी-स्रोत (मीटर नीट दाखवतो का ते पाहायचा छोटा किरणोत्सारी नमुना) दोन्ही पाहायचे. साध्या गायगर मीटरची एक वाईट खोड लक्षात ठेवायची: किरणोत्सर्ग फारच जास्त असला तर नळी गुदमरते आणि काही मीटर चक्क शून्याकडे येतात. दारातून आत शिरताना चढत चाललेला काटा अचानक खाली पडला, तर ती चांगली बातमी नाही, उलट्या पावली बाहेर यायचं. जास्त किरणोत्सर्गाच्या ठिकाणी असा न गुदमरणारा मीटर, म्हणजे आयन चेंबर, न्यावा. पट्टीच्या टोकाला अडकलेला काटाही फसवतो. चेर्नोबिलच्या पहिल्या तासांत ताशी ३.६ रोंटजेन (किरणोत्सर्गाचं जुनं एकक) हा आकडा फिरत राहिला तो त्यामुळेच. हाताशी असलेल्या मीटरला त्याहून जास्त दाखवताच येत नव्हतं.

नकाशावरून वेळ काढायची. कमरेच्या उंचीवर ताशी ०.२ मिलिसीव्हर्ट आणि काम पाऊण तासाचं, तर एका माणसाला ०.१५ मिलिसीव्हर्ट. आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार कामगाराची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ५०, काही देशांत याहून कडक. त्या हिशोबात ०.१५ किरकोळ वाटतं, पण अशा शंभर फेऱ्या म्हणजे १५. इलेक्ट्रॉनिक डोझीमीटरवर दोन अलार्म लावतात. एकूण मात्रेचा अलार्म ठरलेल्या मात्रेच्या ८० टक्क्यांवर, म्हणजे इथे ०.१२ वर, म्हणजे तो वाजल्यावर हत्यारं ठेवून निघायला वेळ उरतो. दुसरा दराचा, नकाशावरच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या साधारण दुप्पट. दराचा अलार्म वाजला याचा अर्थ नकाशा चुकलाय. तिथे थांबून कारण शोधत बसायचं नाही.

‘अंतर दुप्पट केलं की मात्रा चौथाई’ हे सगळ्यांना पाठ असतं. एका ठिपक्याएवढ्या स्रोतासाठी ते खरं आहे. पण अख्ख्या अंगणभर पसरलेल्या सिझियमच्या मधोमध उभं असताना दोन पावलं मागे सरून काही होत नाही. तिथे उपयोगी पडतं ते कमी वेळ थांबणं, आणि आधी सर्वांत गरम, म्हणजे सर्वाधिक किरणोत्सर्गाची, जागा साफ करून टाकणं. भरलेली पिशवी मात्र खरोखर ठिपक्यासारखी वागते, तिला लांब दांड्याचा चिमटा हवाच. शिशाच्या अ‍ॅप्रनचा मोह टाळावा. क्ष-किरण विभागातला अर्ध्या मिलिमीटरचा अ‍ॅप्रन सिझियम-१३७ ची गॅमा किरणं पाच-सहा टक्केच अडवतो. ती निम्म्यावर आणायला सहा-साडेसहा मिलिमीटर शिसं लागतं. चार-पाच किलोचं ओझं घालून माणूस दहा टक्के सावकाश काम करू लागला की हिशोब उलटाच झाला.

बॅज कुठे लावला यावर त्याचा आकडा खरा की खोटा ते ठरतं. छातीवरचा टीएलडी किंवा ओएसएल बॅज (मात्रा साठवून ठेवणाऱ्या स्फटिकाचे दोन प्रकार) हा नोंदीचा, नंतर प्रयोगशाळेत वाचला जाणारा. इलेक्ट्रॉनिक डोझीमीटर हा जागच्या जागी सांगणारा. दोन्ही शेजारी-शेजारी, पातळ पॉलिथिनच्या पाकिटात. पाकीट यासाठी की डोझीमीटरवरच धूळ बसली तर तो घरी ठेवलेला असतानाही मोजत राहतो. कव्हरऑलच्या आत लावला तर बीटा थोडी अडतात आणि त्वचेचा आकडा कमी येतो. बाहेर लावला तर तो मळतो. मुख्य धोका गॅमाचा असेल तर आत, आणि स्ट्रॉन्शियम-९० सारखी कडक बीटा असेल तर बाहेर पाकिटात, असा निर्णय कामानुसार घ्यावा. गुडघ्यावर बसून फरशी घासणाऱ्याला छातीचा बॅज पुरत नाही, मांडीवर एक जादा बॅज आणि बोटात अंगठी-डोझीमीटर लागतो. अंगठीतला संवेदक तळव्याच्या बाजूला फिरवायचा. हातात तर घाण तिकडूनच धरलेली असते. वॉकी-टॉकी दुसऱ्या खांद्यावर, कारण जुन्या इलेक्ट्रॉनिक डोझीमीटरांना तिच्या लहरींनी भलतेच आकडे दाखवायची सवय आहे. आणि हुड, मास्क, व्हॅक्यूमचा आवाज यांत अलार्म ऐकू येतो का हे बाहेरच वाजवून पाहायचं. येत नसेल तर थरथरणारा डोझीमीटर द्यायचा.

एक डोझीमीटर चौघांत वाटून घेणं हा पर्याय नाही. फुकुशिमात त्सुनामीने हजारो डोझीमीटर बुडवले आणि सुरुवातीला गटाला एक असं चालवावं लागलं. त्यातून कोणाला किती मिळालं हे नंतर अंदाजानेच ठरवावं लागतं, आणि कोपऱ्यात उभा असलेला आणि मध्ये वाकलेला या दोघांना एकच आकडा मिळतो.

मास्कबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण आत गेलेलं बाहेर काढणं अवघड. फुकुशिमात सहा कामगारांनी २५० मिलिसीव्हर्टची आणीबाणीची मर्यादा ओलांडली. त्यातल्या सर्वाधिक मात्रेच्या माणसाला सुमारे ६८० मिळाले, आणि त्यातले ५९० शरीराच्या आतून, मुख्यतः श्वासातून गेलेल्या आयोडीनमुळे. बाहेरून मिळालेली मात्रा नव्वदच्याही आत होती. कारणं पाहिली तर हादरायला होतं, इतकी ती घरगुती आहेत: चष्म्याच्या काड्यांमुळे मास्कच्या कडेला राहिलेली फट, नियंत्रण कक्षातच खाणंपिणं, मास्क उशिरा घालणं.

अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कचा संरक्षण-गुणांक १० धरतात, म्हणजे आतल्या हवेत बाहेरच्या धुळीचा दहावा भाग. पूर्ण चेहऱ्याच्या फिल्टर मास्कचा ५०, पंख्याने हवा ढकलणाऱ्या पूर्ण मास्कचा १०००, पाठीवर सिलिंडर असलेल्या दाबाच्या संचाचा १०,०००. हे आकडे मास्क चेहऱ्याला चिकटलेला असेल तरच. दोन दिवसांची दाढीही फट पाडते, त्यामुळे आत जाणाऱ्याने सकाळी दाढी केलेली हवी, यात तडजोड नाही. चष्मेवाल्यांना मास्कच्या आत बसणारी वेगळी चौकट द्यायची. ती आगाऊ मागवावी लागते, आणि ती मागवली नाही म्हणून कामगार नेहमीचा चष्मा घालूनच आत गेला असं होतं. मास्क घातल्यावर दरवेळी तपासायचं: फिल्टरच्या तोंडावर तळवा दाबून हळूच श्वास आत ओढायचा आणि दहा सेकंद रोखायचा. मास्क गालांना चिकटून तसाच राहिला पाहिजे. हळूहळू सैल झाला तर कुठूनतरी हवा शिरतेय. बहुतेकदा हुडची कड किंवा केसांची बट आत अडकलेली असते. धुळीचा फिल्टर आयोडीनची वाफ अडवत नाही, त्याला प्रक्रिया केलेला कोळशाचा कॅनिस्टर लागतो. ट्रिटियमच्या (किरणोत्सारी हायड्रोजनच्या) वाफेपुढे तोही हतबल आहे.

कपडे घालण्यात फारसं गूढ नाही. आत सुती कपडे, खिसे रिकामे, सुती हातमोजे, त्यावर कव्हरऑल, त्यावर रबरी हातमोज्यांच्या दोन जोड्या, बुटांवर दोन आवरणं, शेवटी हुड. बाहीचा आणि हातमोज्याचा सांधा टेपने बंद करायचा, आणि इथे एक बारीक गोष्ट: टेपचं टोक बोटभर दुमडून त्याची शेपटी ठेवायची. ती नसली की बाहेर येताना माणूस जाड हातमोज्याने टेपचं टोक शोधत मनगट खरवडत बसतो, शेवटी वैतागून ओढतो, आणि कव्हरऑल फाटून घाण थेट मनगटावर. छातीवर आणि पाठीवर मार्करने नाव आणि आत गेल्याची वेळ लिहायची, कारण आत गेल्यावर सगळे सारखेच दिसतात.

आतल्या कामाचे नियम थोडे आहेत. कोरडा झाडू कधीच नाही. आधी बारीक फवाऱ्याने ओलं करायचं, पण डबकं होऊ द्यायचं नाही. वरून खाली, स्वच्छ बाजूकडून मळक्याकडे. जोराच्या पाण्याचा मारा दिसायला दमदार, पण तो घाण शेजारच्या भिंतीवर आणि फवारणाऱ्यावर उडवतो, शिवाय सांडपाणी साठवायची सोय आधी हवी. मोकळ्या जमिनीवर सिझियम वरच्या काही सेंटिमीटर मातीत धरून राहतं, त्यामुळे पाचेक सेंटिमीटरचा थर खरवडणं पुरतं. खोल खणलं तर कचरा वाढतो आणि वरची घाण खाली मिसळते. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूम उत्तम, फक्त तो गोळा केलेलं पोटात ठेवतो. सकाळी निरुपद्रवी असलेलं यंत्र दुपारपर्यंत खोलीतला सर्वांत गरम स्रोत होतं, आणि कामगार त्याला पायाशी घेऊन वावरत असतो. दर पंधरा मिनिटांनी त्याच्या टाकीला मीटर टेकवायचा आणि मर्यादा आधीच ठरवून पिशवी बदलायची. पिशव्या दोन-तृतीयांशच भरायच्या. मान पिळून, दुमडून टेप लावायला जागा उरली नाही तर बांधताना आतली हवा धुळीसकट तोंडावर येते.

उष्णतेला कमी लेखू नये. हवा न खेळणाऱ्या सुटात, पूर्ण मास्कमध्ये माणसाला पाणीही पिता येत नाही. उकाड्याच्या दिवसांत आतली फेरी किरणोत्सर्गामुळे नव्हे, उष्णतेमुळे लहान करावी लागते. माणूस आत कोसळला तर त्याला उचलणारे चौघे विनाकारण मात्रा घेतात, आणि त्याचा मास्क बहुधा आतच काढावा लागतो. जीव धोक्यात असेल तर उपचार आधी, दूषण नंतर, याबद्दल कोणाच्या मनात शंका ठेवू नये.

आता बाहेर पडतानाची रेषा. दूषित आणि स्वच्छ भागाच्या मध्ये चिकट चटई अंथरलेली, तिच्या अलीकडे पिशव्या लावलेल्या, आणि समोर स्वच्छ बाजूला एक मदतनीस, जो एकेक पायरी मोठ्याने सांगतो. दमलेल्या माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडायचं नाही. टेप काढायची. बुटांची बाहेरची आवरणं. बाहेरचे हातमोजे, एकाच्या पोटात दुसरा. हुड मागून पुढे. मग कव्हरऑल खांद्यापासून आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत खाली, झटकायचा अजिबात नाही. इथपर्यंत मास्क तोंडावरच. सगळ्यांना तो आधी काढायचा असतो, पण हवेत धूळ उडते ती नेमकी कव्हरऑल उतरवताना. त्यानंतर डोळे मिटून, मान किंचित पुढे झुकवून, मास्कचे पट्टे मागून पुढे. फिल्टरच्या पुढच्या भागाला हात लावायचा नाही. आतलं एक बूट-आवरण काढलं की तो पाय थेट चटईपलीकडे, मग दुसरा. आतले हातमोजे सर्वांत शेवटी.

मग तपासणी, जिला तीन मिनिटं लागतात आणि जी सगळे चाळीस सेकंदांत उरकू पाहतात. मीटर मुळात शांत जागी ठेवलेला हवा. आजूबाजूचा गुणगुणाट, म्हणजे पार्श्वभूमी, मिनिटाला तीनशे मोजांहून (मीटरच्या ठोक्यांहून) जास्त असला तर कातडीवरचा लहान डाग त्यात बुडून जातो. कचऱ्याच्या पिशव्या भिंतीपलीकडे रचून ठेवल्या की हे नेमकं घडतं. प्रोब (मीटरला जोडलेलं, अंगावरून फिरवायचं टोक) उचलण्याआधी त्याच प्रोबसमोर दोन्ही हात धरायचे, नाहीतर पहिल्याच स्पर्शात प्रोब मळतो. अंतर एक सेंटिमीटर, वेग सेकंदाला पाच सेंटिमीटरच्या आत. अल्फा किरणांसाठी अंतर अर्ध्या सेंटिमीटरवर आणि वेग आणखी कमी, आणि कातडी कोरडी हवी, घामाचा पातळ थरही अल्फा गिळून टाकतो. नाक-तोंडासमोर पाच सेकंद थांबायचं, मग मान, खांदे, बाह्या, छाती, पाठ, बसण्याची जागा, गुडघे, आणि शेवटी तळपाय, तिथेही थांबायचं. कान वापरा. आवाजातला बदल काट्याआधी कळतो.

कितीला ‘स्वच्छ’ म्हणायचं तो आकडा आधी मोजांमध्ये बदलून मीटरवरच चिकटवून ठेवावा. समजा मर्यादा चौरस सेंटिमीटरला ४ बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचं विघटन), प्रोबची खिडकी १५ चौरस सेंटिमीटर, आणि शंभर विघटनांमागे वीस मोज. म्हणजे सेकंदाला १२, मिनिटाला ७२०, पार्श्वभूमी वगळून. प्रत्यक्ष कृतीची पातळी याच्या बरीच खाली ठेवतात. हा हिशोब रेषेवर उभ्या माणसाने डोक्यात करू नये.

डाग सापडला तर आधी नोंद: जागा, क्षेत्र, आकडा, वेळ. मग कोमट पाणी आणि सौम्य साबण. गरम पाण्याने त्वचेतला रक्तप्रवाह वाढतो, ब्रशने ओरखडे उठतात, दोन्ही घाणीला आत जायला वाट देतात. केस मागे झुकवून धुवायचे, डोळ्यांत पाणी जाऊ नये, आणि कंडिशनर लावायचा नाही, तो घाण केसाला बांधून ठेवतो. दोन-तीन धुण्यांत आकडा हलेनासा झाला की थांबायचं. बोटांवर हट्टी डाग राहिला तर हातमोजा घालून काही तास घाम येऊ द्यायचा, घामाबरोबर बराच भाग मोज्याच्या आत येतो. चेहऱ्यावर दूषण असेल तर धुण्याआधी, नाक शिंकरण्याआधी दोन्ही नाकपुड्यांतून वेगवेगळे बोळे फिरवून घ्यायचे. दोन्हीत सारखं सापडलं तर श्वासातून गेलं असणार, एकाच नाकपुडीत सापडलं तर बहुधा बोट गेलंय.

त्यानंतरचं काम प्रयोगशाळेचं. कॉलरला लावलेला पंप मिनिटाला दोनेक लिटर हवा ओढतो आणि त्याचा फिल्टर मोजतात. तो लगेच मोजला की नेहमी घाबरवतो, कारण हवेत नैसर्गिकपणे असलेल्या रेडॉन वायूची पिल्लं, म्हणजे त्याच्या विघटनातून झालेले किरणोत्सारी कण, त्यावर बसलेली असतात. काही तासांनी ती विझतात, थोरॉनवाली (रेडॉनच्याच दुसऱ्या प्रकाराची) दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत टिकतात, म्हणून तोच फिल्टर पुन्हा मोजल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नाही. सिझियम शरीरात गेलंय का ते होल-बॉडी काउंटर, म्हणजे अख्ख्या शरीरातून येणारी किरणं मोजणारं यंत्र, सांगतो, पण आंघोळ करून, कपडे बदलून बसवलं तरच, नाहीतर तो केसांतली धूळ पोटातली समजतो. स्ट्रॉन्शियम त्याला नीट दिसत नाही, तिथे लघवीची तपासणी. औषधं एकेका पदार्थापुरतीच आहेत: आयोडीनची गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनवर, तीही आधी किंवा पहिल्या एक-दोन तासांत, प्रशियन ब्लू सिझियमवर, डीटीपीए प्लुटोनियम-अमेरिसियमवर. सरसकट वाटायची गोष्ट यातली एकही नाही.

महिन्याअखेर टीएलडीचा आकडा आणि इलेक्ट्रॉनिक डोझीमीटरची बेरीज शेजारी मांडायची. थोडा फरक असतोच. दुपटीचा दिसला तर माणसाशी बोलायचं, आणि आधी दरडावून नाही. २०१२ मध्ये फुकुशिमातला एक प्रकार उघड झाला, कामगारांना डोझीमीटरवर शिशाचं आवरण घालायला लावल्याचा. मर्यादा भरली की काम जातं अशी व्यवस्था असेल तर बॅज गाडीतही राहतो आणि खिशात शिशाखालीही जातो. मर्यादा भरलेल्याला त्याच पगारावर स्वच्छ बाजूचं काम द्यायचं आधीच ठरवलं तर ही लपवाछपवी बरीच कमी होते.

आणि कंट्रोल बॅज, म्हणजे कोणी न घालता फक्त पार्श्वभूमी मोजायला ठेवलेला बॅज, कुठे ठेवलाय ते एकदा स्वतः जाऊन बघावं. त्याचा आकडा सगळ्यांच्या बॅजमधून वजा होतो. तो वापरलेल्या कपड्यांच्या कपाटात टांगलेला असला, तर कपड्यांची घाण तो महिनाभर मोजत राहतो आणि आख्ख्या टोळीची मात्रा कागदावर शून्य येते.